बंद पाठीच्या चार हेडफोनची तुलना, आणि खर्जाविषयीची एक शंका

धागाकर्ता: खर्जातला_सा

नमस्कार. गेले दोन महिने माझ्याकडे बंद पाठीचे, म्हणजे कानावरच्या वाटीची मागची बाजू बंद असलेले आणि दुकानात ज्यांना क्लोज्ड-बॅक म्हणतात असे, चार हेडफोन आलटून पालटून वापरात आहेत. त्यांपैकी दोन माझे आहेत, एक धाकट्या भावाचा आहे आणि एक गाणे शिकणाऱ्या मैत्रिणीने मुद्दाम ऐकून पाहण्यासाठी दिला आहे. मी घरगुती बैठकांचे ध्वनिमुद्रण करतो, रात्री संगणकावर बसून ते स्वच्छ करतो आणि आठवड्यातून दोनदा पुणे-मुंबई रेल्वेप्रवासात तेच पुन्हा ऐकतो. उघड्या पाठीचे हेडफोन अधिक मोकळे वाजतात हे मला मान्य आहे. परंतु त्यांचा आवाज शेजारच्या प्रवाशाला ऐकू जातो, गाडीचा आवाज आत येतो, आणि मुद्रणाच्या वेळी ते गायकाच्या कानावर दिले तर त्यांतून निसटलेला आवाज थेट मायक्रोफोनमध्ये शिरतो. म्हणून माझ्या कामासाठी पाठ बंदच हवी.

ऐकण्यासाठी मी प्रत्येक वेळी एकच मुद्रण वापरले: काळी एकमधील (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गाणारा) पुरुष गायक, दोन तंबोरे, हार्मोनियम आणि तबला. या पट्टीत मध्य सप्तकाचा सा सुमारे १३९ हर्ट्झवर येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास वाजते. हेडफोनमधला खालच्या स्वरांचा भाग तपासायला ही तार पुरेशी आहे. जो हेडफोन जरासा मोठा वाजतो तोच चांगला आहे असे कानाला वाटते, त्यामुळे चारही शक्य तितक्या सारख्या पातळीवर आणून मगच नोंदी केल्या.

सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून बाजारात असलेला, ध्वनिमुद्रण कक्षांत सर्वत्र दिसणारा हेडफोन आहे. वजन सुमारे २३० ग्रॅम, रोध ६३ ओहम. याचा वरच्या स्वरांचा पट्टा धीट आहे, त्यामुळे गायकाने घेतलेला श्वास, तबल्याच्या चाटेवर, म्हणजे कडेवर, पडलेले बोट किंवा संपादनात राहून गेलेली बारीकशी टिचकी यांपैकी काहीही लपत नाही. कामासाठी मला हाच सर्वांत विश्वासार्ह वाटतो. मात्र तासाभरानंतर हार्मोनियमचे वरचे सूर टोचू लागतात, आणि पॅड पातळ असल्यामुळे माझ्या कानाची पाळी आतल्या जाळीला टेकते.

ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स २०१४ मध्ये आला. यात आवाज निर्माण करणारा ४५ मिलिमीटरचा पडदा आहे, रोध ३८ ओहम आणि वजन २८५ ग्रॅम. याची केबल काढता येते आणि खोक्यात तीन निरनिराळ्या केबल मिळतात. प्रवास करणाऱ्याला या गोष्टीचे मोल ताबडतोब कळते. डग्ग्यावरचा घिस्सा यावर इतका भरदार लागतो की तबलजीने मनगट कसे दाबले ते डोळ्यांसमोर येते. त्या भरात गायक मात्र अर्धे पाऊल मागे सरकल्यासारखा वाटतो. पकड घट्ट आहे आणि उन्हाळ्यात कान लवकर तापतात.

सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ पासूनचा आणि या चौघांत सर्वांत हलका आहे; केबल सोडून त्याचे वजन अवघे १४० ग्रॅम भरते. तो कानाभोवती न बसता कानावर बसतो. डोक्यावरचा पट्टा दोन भागांत उघडतो, आणि दोन्ही भाग फाकवले की तो हलवूनही हलत नाही. बाहेरचा आवाज अडवण्यात एवढासा हेडफोन इतका समर्थ असेल अशी माझी अपेक्षा नव्हती. थाप नेमकी, आवाजाचा फैलाव अरुंद, आणि चाळीस मिनिटांनंतर माझ्या कानांच्या पाळ्या दुखू लागतात.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा, हा चौथा. २७० ग्रॅम वजन असूनही मखमली पॅडमुळे तो डोक्यावर आहे याचा विसर पडतो. याचा खर्ज चौघांत सर्वांत खोल आहे, पण वरच्या पट्ट्यात एक धार आहे आणि तिच्यामुळे गायकाचे ‘स’ आणि ‘श’ अधिक उठून ऐकू येतात. तो घडी होत नाही आणि केबल तीन मीटरची व न निघणारी आहे, त्यामुळे त्याला प्रवासी हेडफोन म्हणावे का, हा प्रश्न राहतोच.

आता माझी शंका. माझ्या वहीत एम५०एक्सविषयी एका शनिवारी सकाळी लिहिले आहे की, ‘खर्जाची तार गरजेपेक्षा जाड, घुमल्यासारखी.’ त्याच हेडफोनविषयी, त्याच मुद्रणावर, पुढच्या बुधवारी रात्री लिहिले आहे की, ‘खर्ज सपक, तंबोरा पोकळ.’ उपकरण तेच होते, आवाजाची पातळी तीच होती. ७५०६ विषयीही अशाच दोन विसंगत नोंदी आहेत. माझा कान इतका बेभरवशाचा असेल तर या तुलनेला काही अर्थ उरत नाही. हे कशामुळे होत असावे?

प्रतिसाद: चष्मा_कायमचा

आपली तुलना मनापासून आवडली. एकच विचारतो: शनिवारी सकाळी आणि बुधवारी रात्री या दोन्ही वेळा आपल्या डोळ्यांवर चष्मा होता का?

मला इयत्ता पाचवीपासून चष्मा आहे, आणि कानाभोवती बसणाऱ्या प्रत्येक हेडफोनच्या पॅडखालून चष्म्याच्या काड्या जातात. काडीच्या वर आणि खाली एक बारीक फट राहते. कित्येक वर्षे मी असे समजून होतो की सर्वच हेडफोनचा खर्ज लोक उगीच वाखाणतात. एकदा झोपण्यापूर्वी चष्मा काढून ऐकले, तेव्हा मला कळले की मी आजवर अर्धेच ऐकत होतो.

प्रतिसाद: पडदा_आणि_पोकळी

वरील प्रश्नातच उत्तर आहे, असे मला वाटते. मी महाविद्यालयात ध्वनिशास्त्र शिकवतो, म्हणून थोडे कारणासह लिहितो.

हेडफोनचा पडदा आणि आपला कान यांच्यामध्ये पॅडने वेढलेली हवेची एक छोटी कोठडी असते. खालच्या स्वरांची लहर या कोठडीच्या मानाने फार मोठी असते. ६९ हर्ट्झची लहर हवेत सुमारे पाच मीटर लांब असते. त्यामुळे अशा स्वराच्या वेळी पडदा कोठडीतील सगळी हवा एकदमच दाबतो आणि सोडतो, आणि तो कमीजास्त होणारा दाब म्हणजेच आपल्याला ऐकू येणारा खर्ज. कोठडीला फट असेल तर दाब साठण्याऐवजी फटीतून निघून जातो. वरच्या स्वरांत हवा इतक्या वेगाने पुढेमागे होते की तिला त्या अरुंद फटीतून जाण्यास अवधीच मिळत नाही, म्हणून वरचा भाग जवळजवळ तसाच राहतो. परिणामी फट पडली की आवाज एकंदर लहान होत नाही. त्याचा फक्त पाया निघून जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की हेडफोनचा स्वभावच पातळ आहे.

बंद पाठीच्या हेडफोनमध्ये पडद्याच्या मागेही कोंडलेली हवा असते आणि ती स्प्रिंगसारखे काम करते. समोरची कोठडी पूर्ण बंद राहील असे धरूनच निर्माता मागच्या कोठडीचे आकारमान, आतला फोम आणि असलीच तर बारीक छिद्रे यांचा मेळ घालत असतो. कारखान्यात जुळवलेला हा मेळ आपल्या कानशिलावर टिकतो की नाही, हे चष्मा, केस, जबड्याची ठेवण आणि पॅड किती दबले आहेत यांवर ठरते. खात्री करायची असल्यास खर्ज चालू असताना कानामागे पॅडखाली करंगळीचे टोक हलकेच सरकवून पाहावे.

प्रतिसाद: खर्जातला_सा

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मला फक्त वाचनासाठी आणि संगणकाच्या पडद्यावरील कामासाठी चष्मा लागतो. शनिवारी सकाळी मी गॅलरीत डोळे मिटून ऐकत होतो. बुधवारी रात्री संगणकासमोर होतो, म्हणजे चष्मा नक्कीच होता. हे वहीत लिहावे असे मला सुचलेसुद्धा नाही.

काल पुन्हा बसलो. प्रत्येक हेडफोनवर ६९ हर्ट्झचा साधा सूर आणि मग तेच मुद्रण, एकदा चष्म्यासह आणि एकदा चष्म्याविना ऐकले. एम५०एक्स आणि ७५०६ या दोन्हींत चष्मा चढवताच सुराचा जोर स्पष्टपणे कमी झाला. ७५०६ मध्ये तो जवळजवळ नाहीसा झाला, कारण त्याच्या पातळ पॅडला काडीभोवती वळायला जाडीच नाही. डीटी ७७० प्रोच्या जाड, मऊ मखमली गादीत काडी बुडून जाते, त्यामुळे फरक पडला तरी थोडा पडला. एचडी २५ चे वर्तन सर्वांत वेगळे निघाले. तो पाळीवरच टेकत असल्यामुळे काडी त्याच्या वाटेत फारशी येत नाही आणि खर्ज जवळपास तसाच राहतो. मात्र तो पाळीला काडीवर दाबतो, आणि वीस मिनिटांत कानामागचे हाड ठणकू लागते. मी ज्याला ‘आराम’ या स्तंभात लिहीत होतो आणि ज्याला ‘आवाज’ या स्तंभात लिहीत होतो, त्या दोन्हींच्या मुळाशी पॅड आणि त्वचा यांच्यामधली तीच जागा होती. पकड सैल केली तर आराम वाढतो आणि खर्ज निसटतो. घट्ट केली तर खर्ज राहतो, पण अर्ध्या तासाने आपणच नकळत पॅड सरकवतो आणि तो पुन्हा निसटतो.

प्रतिसाद: जवारी

मी मिरजेच्या तंबोऱ्यांवर वाढलेली आहे आणि रियाजासाठी बंद पाठीचाच हेडफोन वापरते. खर्जाच्या तारेविषयी एक गोष्ट धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावी अशी विनंती आहे.

तंबोऱ्यात घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झणकारता नाद, उघडली की तारेच्या मूळ सुरापेक्षा तिचे वरचे उपस्वर अधिक बोलू लागतात. मूळ ६९ हर्ट्झचा सूर हेडफोनमधून जवळजवळ निघून गेला तरी १३८, २०७, २७६ या त्याच्या पटी कानावर येत राहतात, आणि त्यांवरून मेंदू मूळ सूर स्वतःच भरून काढतो. त्यामुळे फट असलेल्या हेडफोनवरही आपल्याला ‘खर्ज ऐकू येतो’ असेच वाटते. सूर बरोबर कळतो, त्याचे अंग मात्र कळत नाही. मला हे पहिल्यांदा जाणवले ते तंबोरा मांडीवर घेऊन बसले आणि मग लगेच त्याचेच मुद्रण ऐकले तेव्हा. भोपळ्यातून मांडीला जे जाणवते ते हेडफोनमध्ये नसतेच, आणि बंद पाठीचा, नीट बसलेला हेडफोन त्याच्या थोडा तरी जवळ नेतो. म्हणून खालचा भाग तपासण्यासाठी तंबोऱ्यापेक्षा डग्गा बरा, असे माझे मत आहे, कारण डग्ग्याच्या घुमाऱ्यात ताकद मूळ सुरातच अधिक असते. जवारी वापरावी ती मधला आणि वरचा भाग तपासण्यासाठी. ज्या हेडफोनवर चार तारांची जवारी एकच झणकार होऊन मिसळते आणि तरीही पंचमाची तार वेगळी धरता येते, तो माझ्या दृष्टीने प्रामाणिक. या कसोटीवर मला ७५०६ उजवा वाटतो. धागाकर्त्यांना टोचणारी हार्मोनियम मलाही टोचते, तरीसुद्धा.

प्रतिसाद: कर्जत_लोकल

माझा रोजचा प्रवास एका बाजूने पावणेदोन तासांचा आहे, म्हणून प्रवासाच्या बाजूने लिहितो. तीन मीटरची केबल आणि न मिटणारा हेडफोन घेऊन गर्दीच्या डब्यात चढणे शक्य नाही, त्यामुळे डीटी ७७० प्रो कितीही मऊ असला तरी या तुलनेत तो घरचा पाहुणा आहे.

दुसरे असे की, बंद पाठ आणि चांगली गादी बाहेरचा वरचा आवाज उत्तम अडवतात: भांड्यांचा खणखणाट, फेरीवाल्यांच्या हाका, शेजारचे बोलणे. गाडीची खालची घरघर मात्र गादीतून आत येतेच. त्या घरघरीवर आवाज काढून घेणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंग असलेले हेडफोन परिणामकारक ठरतात, कारण ते मायक्रोफोनने ती घरघर टिपून तिच्या उलट लहर सोडतात आणि हे तंत्र खालच्या स्वरांतच नीट साधते. मी सोनीचा २०२० चा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ वापरतो. त्याचे वजन २५४ ग्रॅम आहे आणि तो घडी होतो. संगीत त्यावर ७५०६ इतके उघडे पडत नाही, हे मी मान्य करतो. पण लोकलमध्ये ७५०६ वर तंबोरा ऐकू यावा म्हणून आवाज जिथवर वाढवावा लागत असे, त्याहून बराच खाली मी आता ऐकतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते, आणि ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते. माझे आठवड्याचे प्रवासाचे तासच सतरा-अठरा होतात. माझ्यासाठी निवड तिथेच झाली.

डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ च्या मालकांना एक सूचना द्यावीशी वाटते: तो बंद ठेवून नुसत्या केबलवर ऐकून मत बनवू नये. आवाजाचा तोल सुधारणारे आतले विद्युतमंडळ बंद पडले की त्याचा आवाज अगदीच झाकोळतो. केबल लावूनही तो चालू ठेवावा.

प्रतिसाद: कात्री_आणि_फीत

ओहमचा, म्हणजे रोधाचा, आकडा मोठा असला की हेडफोन फोनवर पुरेसा मोठा वाजणार नाही, या भीतीने अनेक जण ८० ओहमचा हेडफोन टाळतात, म्हणून थोडा हिशेब मांडतो. फोनला लावायचे छोटे डॅक (अंकीय ध्वनीचे हेडफोनला चालणाऱ्या विद्युत-संकेतात रूपांतर करणारे उपकरण) सुमारे १ व्होल्ट देते असे धरले, तर ८० ओहमच्या हेडफोनला साडेबारा मिलिवॅट मिळतात. डीटी ७७० प्रो १ मिलिवॅटला ९६ डेसिबल देतो. साडेबारा पटीमुळे त्यात ११ डेसिबलची भर पडते आणि उत्तर १०७ डेसिबल येते, जे कोणत्याही कानाला गरजेपेक्षा जास्तच आहे. अर्धाच व्होल्ट मिळाला तरी १०१ डेसिबल होतात. याच हेडफोनच्या २५० ओहमच्या प्रकारात १ व्होल्टला १०२ डेसिबल मिळतात. शास्त्रीय संगीताच्या हळू आवाजातल्या मुद्रणांसाठी मात्र तिथे आवाज वाढवायला फारशी जागा शिल्लक राहत नाही.

मी संपादनाचे काम करतो आणि संपादनाच्या टेबलावर कर्जत_लोकल यांच्या हेडफोनसारखे बिनतारी ब्लूटूथ चालत नाही, कारण दृश्य आणि ध्वनी यांत पडणारे अंतर तिथे लगेच दिसते. ऐकण्यासाठी तो आक्षेप लागू नाही.

प्रतिसाद: दर्याकिनारी

रत्नागिरीच्या हवेत कृत्रिम चामड्याचे पॅड टिकत नाहीत, एवढेच सांगण्यासाठी लिहीत आहे. पॉलियुरेथेनचा तो पातळ थर दमटपणाने आणि घामाने आतून तुटत जातो, आणि एक दिवस गालावर काळे कपचे चिकटलेले सापडतात. कपचे सुटण्याच्या बऱ्याच आधी थर चिरू लागतो आणि आतला फोम कायमचा दबलेला असतो, म्हणजे वर सांगितलेली फट चष्म्याशिवायच तयार होते. पॅड वेगळे विकत मिळतात की नाही, हे हेडफोन घेण्यापूर्वी पाहावे. माझ्या एका हेडफोनचे मिळाले नाहीत. दुसऱ्या कुणाचे बसवले तेव्हा ते इतके जाड निघाले की पडदा कानापासून दूर गेला आणि आवाजाचा तोलच बदलला.

प्रतिसाद: खर्जातला_सा

दर्याकिनारी यांचा प्रतिसाद वाचून मी चारही हेडफोनचे पॅड दिव्याखाली धरून पाहिले. माझा ७५०६ सहा वर्षांचा आहे, आणि त्याच्या डाव्या पॅडवर, मी चष्मा लावतो तेव्हा काडी जिथे येते नेमक्या त्याच जागी, एक कायमची खाच पडली आहे. म्हणजे चष्मा काढून केलेल्या माझ्या परवाच्या नोंदीसुद्धा डाव्या कानापुरत्या सदोष होत्या. नवे पॅड मागवले आहेत.

जवारी यांची सूचना मला पटली आहे आणि यापुढे खालचा भाग डग्ग्यावरच तपासेन. कात्री_आणि_फीत यांचा हिशेबही मी वहीत उतरवून घेतला आहे. कर्जत_लोकल यांच्याशी मात्र एका बाबतीत माझा मतभेद राहील. आवाज काढून घेणाऱ्या हेडफोनमध्ये हरवलेला खर्ज आतले विद्युतमंडळ काही प्रमाणात भरून काढते हे खरे असले, तरी ज्या मुद्रणात मला नेमका खर्जाचाच दोष शोधायचा आहे, तिथे भरून काढलेला खर्ज मला नको आहे. घाटातून जाताना मी मुद्रण तपासणार नाही, नुसते ऐकेन. तपासणे घरीच होईल, चष्मा काढून, आणि पडद्यावरची अक्षरे तेवढी मोठी करून.

एम५०एक्सविषयीचे माझे मत तेवढे बदलतो. बुधवारची नोंद मी खोडली आहे. शनिवारची ‘गरजेपेक्षा जाड’ ही नोंद डग्ग्यावर पुन्हा तपासली आणि ती कायम ठेवली आहे.

प्रतिसाद: चष्मा_कायमचा

नवे पॅड आल्यावर कृपया इथेच लिहावे. आणि तोपर्यंत चष्म्याच्या दुकानात जाऊन काड्या पातळ धातूच्या करून घेता येतात का, तेही पाहावे. मी गेल्या वर्षी तशा करून घेतल्या, आणि त्यानंतर मला हेडफोन बदलावा लागलेला नाही.